तहकूब

चरईतल्या हॉलात, दुसऱ्या मिस्सेनंतर,
खुर्च्या अर्धवर्तुळात.
अकरा बंधू हवेत, मी मोजले: अकरा,
दारावरचा रॉयडन धरून.
गणपूर्ती झाली, असं वहीत लिहिलं.

लाकडी हातोडी गव्हाणीचे खिळे ठोकायला
कुणीतरी नाताळात नेली, ती नेलीच.
तेव्हापासून ओनील घरून खलातला बत्ता आणतो.
टेबलाला खळगे नकोत म्हणून खाली रबरी चपलेचा तुकडा,
त्यामुळे आमची शिस्त धप्प अशी वाजते
आणि प्रत्येक ठोक्याला बाटलीमसाला दरवळतो.
पुढच्या रांगेत कुणीतरी शिंकतं.
शिंका इतिवृत्तात घेत नाहीत.

ओनील सोळाचा. ‘सभा सुरू झाल्याचं मी’
इथवर त्याचा आवाज बाप्याचा,
‘जाहीर करतो’ हे मात्र पोराचं.
कुणी हसलं नाही. हेही लिहिलं नाही.

विषय क्रमांक चार.
बंधू क्लेमंट लोपिस, सलग तीन सभा गैरहजर,
कलम नऊनुसार नाव कमी करणे.
सूचक: बंधू जेरोम किणी.
अनुमोदक:
इथे माझं पेन थांबलं.

कलम नऊ क्लेमंटनेच आणलं होतं गेल्या वर्षी,
‘नियम नसले तर आपण नुसते कॅरम खेळणारे’ म्हणत.
तो का येत नाही ते सगळ्यांना ठाऊक होतं,
पण ‘सगळ्यांना ठाऊक’ असा रकाना वहीत नाही.

तेवढ्यात दारावर तीन टकटक, थांबून एक.
रॉयडनने फट उघडली, कुजबुजला, फट लावली,
तीन पावलं पुढे येऊन टाचा जुळवल्या:
‘बंधू अध्यक्ष, बाहेर एक बंधू आहे.
ओळखशब्द तीन महिन्यांपूर्वीचा सांगतोय.
चालेल का?’

ओनीलने पुस्तिका चाळली. मग म्हणाला, चालेल.

घोडबंदर रोडच्या मॉलचा किरमिजी टी-शर्ट,
छातीवर पाटी, नावात एक अक्षर चुकलेलं,
अंगाला पॉपकॉर्नच्या लोण्याचा वास.
पंचवीस मिनिटांची सुट्टी,
अकरा रिक्षात गेलेली.
विषय फळ्यावर होता. त्याने उभ्यानेच वाचला,
स्वतःच्या नावासकट,
आणि हात वर केला: ‘अनुमोदन. माझं.’

पंखा फिरत राहिला.
‘हरकतीचा मुद्दा!’ रॉयडन ओरडला, वय अकरा,
‘आत आलेल्या बंधूने आधी बसायचं असतं!’
क्लेमंट बसला. मग मात्र सगळेच हसले,
जेरोमसुद्धा. धप्प.

ज्याचं नाव कापायचं त्यानेच अनुमोदन द्यावं का,
यावर पुस्तिका गप्प.
ओनीलने फादर सायमनकडे पाहिलं.
फादर घड्याळाचा पट्टा एका भोकाने सैल करत होते,
फारच मन लावून.

‘सूचना तहकूब,’ ओनील म्हणाला, पूर्ण बाप्याच्या आवाजात.
‘संबंधित बंधू समोर हजर असेल त्याच सभेत घेऊ.’
जेरोम बोटं मोजू लागला:
‘पण हजर असला तर तो गैरहजर कसा, मग ही कधीच…’
धप्प.

क्लेमंटने तीन महिन्यांची वर्गणी दिली,
दहाच्या तीन नोटा, तेलकट.
मी पावती फाडली. त्याने ती घडी करून
चुकलेल्या नावाच्या पाटीमागे सरकवली
आणि गेला. पायऱ्यांवर बूट वाजले,
मग तलावाच्या बाजूला रिक्षाला मारलेली शीळ.

शेवटची प्रार्थना छापील आहे:
आजारी बंधूंसाठी, प्रवासातल्या बंधूंसाठी.
ओनील जरा अडखळला आणि म्हणाला,
‘कामावरच्या बंधूंसाठी.’
छापील नसूनही आम्ही मागोमाग म्हटलं.

अनुमोदकाच्या पुढे मी क्लेमंटचं नाव लिहिलं होतं.
ते खोडलं. खाडाखोडीवर अध्यक्षांची सही लागते.
ओनीलने केली, आणि बत्त्याची बोटं
पुसायची राहिली.
पान सत्तेचाळीस अजून पिवळं आहे,
जवळ नेलं की
शिंक येते.